शेवंताला मारलेली हाक

उजनी मायनसमध्ये गेली की मामाचा फोन येतो. धरणाचं पाणी शून्याखाली जातं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावताना माझी नेहमी दमछाक होते. पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, त्यात मासे असतात, पक्षी असतात, फक्त ते हिशेबात नसतं. आमच्या भागात उन्हाळ्याची चाहूल कोकिळेच्या आधी या मायनसने लागते. मामा फोनवर एवढंच म्हणतो, "भाचेराव, देऊळ उघडं पडलं. अक्काला म्हनावं, पिशवी भरा."

अक्का म्हणजे माझी आई. तिचा जन्म जुन्या पळसदेवचा, जे गाव तिच्या लग्नाआधी उजनीच्या पाण्यात गेलं. पाणी पार ओसरलं की तिथलं देऊळ, घरांची जोती, एखादं जातं, उखळ उघडं पडतं. मग जुन्या गावच्या लेकी येतात, आपापल्या उंबऱ्याच्या दगडाला हळदकुंकू वाहतात आणि पाऊस पडायच्या आत माघारी जातात. आमचं बिऱ्हाड बारामतीत, फ्लॅटमध्ये. यंदा फोन आला तेव्हा आई गॅलरीत कुरडया उलटत होती. हात पुसत ती म्हणाली, "औंदा तुजं ते मशीन घे बरं का. मागल्या येळी माजा आवाज बसला हुता. म्हनून न्हाय घेतला त्यांनी फिलमीत."

तिचा आवाज बसला नव्हता. आणि त्यांनी तो घेतला होता.

मी जंगलाच्या, जनावरांच्या, पक्ष्यांच्या फिल्मना संगीत देतो. हे बारामतीत सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ऑर्केस्ट्रा आहे का तुमचा? हळदीला येता का?" ऑर्केस्ट्रा आहे माझा. साठ-सत्तर व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, शिंगं, नगारे, गाणारी माणसं, सगळं एका कॉम्प्युटरात. परदेशात कुठल्याशा हॉलमध्ये कुणीतरी एकेक सूर वाजवून ठेवला आहे, हळू, जोरात, तोडून, लांबवून. तो सूर माझ्या पेटीसारख्या पट्ट्यांना जोडलेला आहे. पट्टी दाबली की न पाहिलेला माणूस न पाहिलेल्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवतो. याला आभासी वाद्यं म्हणतात. हे वादक चहा मागत नाहीत, रुसत नाहीत, लग्नाची तारीख आहे म्हणून दांडी मारत नाहीत. खऱ्या चेलोला मी आजवर हात लावलेला नाही. समुद्र म्हटलं तर अलिबागपर्यंत गेलोय, पण व्हेल माशांच्या फिल्ममधल्या माझ्या संगीतावर जगभर लोक रडले आहेत. आईने ती फिल्म पाहिली आणि म्हणाली, "यवढं रडाय काय झालं? मासा तर मजेत पवतोय की."

तेव्हा मी हसलो होतो. आपल्याला अडाणी कौतुक मिळतंय असं वाटून हसलो होतो. खरं तर त्या धंद्याची सगळी मेख तिने एका वाक्यात सांगितली होती.

मागल्या खेपेचा तो उन्हाळा मला अजून अंगावर जाणवतो. भिंतींना गोधड्या टांगून केलेली माझी खोली, पंखा बंद, कारण पंख्याच्या घरघरीत सगळ्यात खालचे सूर ऐकूच येत नाहीत. बनियनवर बसायचं, घामाने बोटं पट्टीवरून सटकायची. खालून हंगामातले शेवटचे उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यावर छाती हादरवणारी गाणी. माझी साठ व्हायोलिनं एका ट्रॅक्टरपुढे गप व्हायची. आई दार ढकलून पन्ह्याचा ग्लास ठेवायची आणि दारातूनच विचारायची, "आज कुठलं जनावर?"

त्या वर्षी मात्र जनावर घरचं होतं. उजनीवर उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आफ्रिकेचे सिंह आणि बर्फातली अस्वलं करून करून थकल्यावर पहिल्यांदा आपल्या अंगणातली फिल्म आली होती. दिग्दर्शक मुंबईचा, अद्वैत नावाचा. आवाज लोण्यासारखा मऊ, राग कधीच नाही. पहिल्याच फोनवर त्याने मला दादा म्हटलं. इतक्या लवकर दादा म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे मला आता कळतं. त्यांची गाडी गाळात रुतली ती मामाने ट्रॅक्टर लावून ओढून काढली. सगळ्या टोळीला त्याच्या घरी चिलापी माशाचं कालवण आणि बाजरीच्या भाकरी झाल्या. कामापुरता मामा म्हणतात, तो मान माझ्या सख्ख्या मामाने पुरेपूर भोगला. फिल्म झाल्यावर त्याला साधा फोनही कुणी केला नाही.

त्याच दिवसांत मामाने देऊळ उघडं पडल्याचं कळवलं आणि मी आईला घेऊन गेलो; अद्वैतची टोळीही सोबत आली. वाळत चाललेला गाळ, वरून तडकलेला आणि पायाखाली लिबलिबीत. शिंपल्यांचा चुरा. शेवाळाचा, माशांचा, जुन्या ओल्या कापडाचा वास. दूरवर रोहितांची गुलाबी रेघ. इतका देखणा पक्षी, आवाज मात्र बदकाचा. फ्याक फ्याक असा बाजार भरलेला असतो त्यांचा. अद्वैतने तो कलकलाट फिल्ममधून सगळाच्या सगळा काढायला लावला आणि तिथे मला हार्प वाजवायला सांगितलं. सुंदर दिसणाऱ्याने सुंदरच बोलायला हवं, असा या फिल्मवाल्यांचा नियम आहे.

आईला पक्ष्यांचं काहीच पडलेलं नव्हतं. तिने आपल्या उंबऱ्याचा दगड शोधला, हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला आणि कंबरेवर हात घेऊन उभी राहिली. मग हजेरी सुरू झाली. दर वेळी ती दोघं भावंडं हे करतात. तिने एकेक घर मोठ्याने पुकारायचं आणि मामाने जोतं बघून उत्तर द्यायचं.

"सुतारआबाचं घर?"

"हाय!"

"कुंभाराची भट्टी?"

"गेली!"

"मारुतीचा पार?"

"निम्मा हाय!"

"तात्याचा गोठा?"

"आगं, तू त्यात उभी हाईस!"

दोघं हसली. साठीची बाई आणि पिकल्या मिशांचा शेतकरी, गाळात उभी राहून शाळेतल्या पोरांसारखी हसली. मामाचा ऊस याच पाण्यावर उभा आहे. घर बुडवणाऱ्या पाण्यावर तो दोन मोटारी चालवतो, आणि त्याबद्दल विचारलं की म्हणतो, "पान्याचा राग धरून कुनाचं पोट भरलंय?" मला तेवढं मोठं मन नाही.

हजेरीच्या शेवटी आई आळीच्या टोकाकडे वळली. तिथे शेवंताचं घर होतं. शेवंता तिची मैत्रीण. नदीवर धुणं घेऊन जायचं झालं की आई आपल्या दारातून हाक मारायची आणि आळीच्या त्या टोकाहून ओ यायची. गाव उठलं तेव्हा शेवंताच्या घरच्यांना दुसरीकडे कुठेतरी जमीन मिळाली, कुणी म्हणे सोलापूरच्या अंगाला. नंतर तिचं लग्न झालं. बाईचं लग्न झालं की आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं, आणि माहेरचं गाव तर पाण्याखाली. मग तिला शोधायचं कशावरून? आईने ज्याला त्याला विचारून पाहिलं. शेवटी तिने एकच उपाय ठेवला, दर खेपेला गाळात उभं राहून हाक मारायची.

"ए शेवंताऽऽऽ!"

त्या हाकेत दुःख नव्हतं हो. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण आता जगात कुणीच ते मानणार नाही. ती हाक उतावळी होती, खट्याळ होती, चल की लवकर, ऊन चढलं, असं म्हणणारी होती. हाक मारण्याआधी तिने मोठा श्वास घेतला आणि हाकेचं शेपूट हसण्यात विरलं. हाकेनंतर ती थांबली, ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग पदर खोचून म्हणाली, "चला, जेवूया."

मी ते सगळं मशीनवर भरलं होतं. फिल्मच्या कामासाठी पाण्याचा, वाऱ्याचा आवाज घ्यायला म्हणून ते सोबत होतं. अद्वैतने हेडफोन कानाला लावला आणि त्याचे डोळे भरून आले. "दादा, हे सोनं आहे. हे फिल्ममध्ये येणार." आईने विचारलं, "टीव्हीवर लागंल का ही फिलीम? मग शेवंता ऐकंल. कुठंबी आसंल तरी माजी हाक वळखंल ती." तो वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "नक्की, आई." त्याचे डोळे खोटे नव्हते. मला राग त्याचाच येतो. खोटं बोलणाऱ्याला शिव्या तरी देता येतात.

परत आलो आणि मी कामाला लागलो. रोहित उडतात तो प्रसंग शेवटचा होता. तिथे मी संगीत चढवत नेलं आणि ऐन उंचीवर तोडलं. एकही वाद्य नाही. त्या रिकाम्या जागेत एकट्या आईची हाक, शब्दासकट, नावासकट, आणि मग नुसता वारा. व्हायोलिनांना रडवणं सोपं असतं. डाव्या हाताखालचं चाक पुढे ढकललं की साठ जण एकदम हुंदके देतात. त्यांना गप करायला मला आठवडे लागले. इतकी वर्षं मी जे केलं त्यातलं तेवढंच माझं होतं, असं मला वाटत होतं.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती बारामतीतल्या एका सभागृहात. आई ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. मामा कडक टोपी घालून, शेजाऱ्यांना घेऊन आला होता. पडद्यावर पाणी आलं आणि भारदस्त आवाजातलं निवेदन सुरू झालं, माणसाचा स्पर्श न झालेलं हे स्वप्नवत पाणी. धरणाचं पाणी, आणि माणसाचा स्पर्श नाही! भिंत काय रोहितांनी बांधली? देऊळही दिसलं, पण कसं, तर आपोआप उगवल्यासारखं. त्याच्या भोवती गाव असेल, त्या गावात कुणी भांडलं असेल, धुणं वाळत घातलं असेल, असं कुठेच काही नाही. मी मामाकडे पाहिलं. तो मान डोलवत पक्षी बघत होता.

शेवटी रोहित उडाले. माझी रिकामी जागा आली आणि ती रिकामी नव्हती. व्हायोलिनं सुरूच होती. त्यांच्यावरून एका बाईचा टाहो आला, खोल, संथ, घुमणारा. नुसता आ. मी पहिल्याच क्षणी ओळखला, कारण आधीचा तो मोठा श्वास त्यांनी तसाच ठेवला होता. शेवंता कापून टाकली होती. शेवटचा स्वर तेवढा ठेवला, खाली उतरवला, ताणला, आणि हसणं पुसलं.

आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. आपली हाक आता येईल, मग येईल, म्हणून. दिवे लागले तेव्हा तिने मला विचारलं, "झालं व्हय? माजं न्हाय लागलं." आणि माझं तोंड बघून तिनेच माझी समजूत काढली. "आसू दे रं. माजा आवाज बसला हुता." बाहेर लोक माझा हात हातात घेऊन सांगत होते, दादा, ते रडणं काय घातलंय, अंगावर काटा आला. एका बाईंनी तर विचारलं, ही गायिका कोण? ती गायिका तेव्हा त्यांच्या शेजारीच उभी राहून कागदी कपात चहा पीत होती.

मी अद्वैतला फोन केला. तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. "दादा, शब्द आला की प्रेक्षक शब्दात अडकतो. आपल्याला भाव हवा. आणि जगात शेवंता कुणाला कळणार?"

"एकीला कळली असती," मी म्हणालो.

तो म्हणाला की मी फार जवळून बघतोय, थोडं लांबून बघावं. लांबून बघायची जागा त्याला फुकट मिळाली होती, कारण त्याची आई गाळात उभी नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण फिल्मसाठी पाठवलेला आवाज फिल्म काढणाऱ्या कंपनीचा, असं या धंद्यात सगळ्यांचंच ठरलेलं असतं, आणि कंपनीच्या ध्वनीवाल्याने त्या टाहोचं वाद्य केलं. आभासी वाद्य. विकायला काढलं. एक दिवस नव्या वाद्यांची जाहिरात माझ्याकडे आली, ती मी उघडली, वानगीदाखल पट्टी दाबली, आणि खोलीत आई आली. खालची पट्टी दाबली तर म्हाताऱ्या बाप्यासारखी, वरची दाबली तर कोवळ्या पोरीसारखी. दोन पट्ट्या दाबल्या तर दोन आया. हळू दाबली तर हुंदका, जोरात दाबली तर आकांत. परदेशातला तो न पाहिलेला व्हायोलिनवाला मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवला. त्याने तो सूर कुणासाठी वाजवला होता, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

आता ती मला कुठेही भेटते. दुष्काळाच्या बातमीमागे, विम्याच्या जाहिरातीत, मालिकेतली सासू जिन्यावरून पडते तेव्हा. लोकांच्या मोबाइलवर तर रोज. मग रात्री जेवताना मनात येतं, आईने मागितलं होतं ते झालंच की. हाक सगळीकडे पोचली. शेवंताच्याही घरात पोचली असेल. नातवंडांसोबत मालिका बघताना तिने ऐकली असेल, कोण रडतंय ही, असं म्हणून उठली असेल आणि भात बघायला आत गेली असेल.

आईला मी हे सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? तुझी हाक घेतली आणि हाकेतली मैत्रीण फेकून दिली?

यंदा गेलो तेव्हा गाळ तसाच, वास तसाच, गर्दी मात्र दुप्पट. देवळाशी कणसं-वडापावच्या गाड्या, फोटो काढणारी जोडपी, नटून आलेल्या कॉलेजच्या पोरी. आईने उंबरा पुजला. हजेरी झाली. मारुतीचा पार आता पावच हाय, असं मामाने सांगितलं. आई आळीच्या टोकाकडे वळली आणि मला म्हणाली, "चालू कर रं." मी मशीन चालू केलं.

"ए शेवंताऽऽऽ!"

ती थांबली, ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. आणि देवळाकडून बाईचा आवाज आला. लांबलेला, वाऱ्यावर हेलकावे खात आलेला.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. "ओ दिली! ऐकलंस का? ओ दिली रं!"

मी तिला थांबवायला हवं होतं, पण तिने पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्याने गाळातून चालायलाही लागली. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी मागून धावलो. देवळाच्या खांबाला टेकून एक पोरगी उदास चेहरा करून उभी होती आणि दुसरी तिचं रील काढत होती. दगडावर ठेवलेल्या तिसऱ्या मोबाइलमधून संगीत वाजत होतं.

आई धापा टाकत उभी राहिली. तिने तिन्ही पोरींच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या मागे पाहिलं, देवळाच्या आत पाहिलं.

"पोरींनो, हितं कुनी म्हातारी हाय का गं? शेवंता म्हनून? आत्ता ओ दिली तिनं."

"नाही आजी, आम्हीच आहोत."

मोबाइलवर तेच पुन्हा सुरू झालं. तो श्वास, मग तो टाहो. आईने मान तिरपी करून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ओळख, आई, असंही वाटलं आणि नको ओळखूस, असंही वाटलं.

"बंद कर गं बाई ते," ती त्या पोरीला म्हणाली. "किती रडतीय ती. तिला कुनी समजवाय न्हाय व्हय?"

पोरीने बंद केलं. आई माझ्या दंडाला धरून सावकाश माघारी वळली. चालत ती उंबऱ्याच्या दगडापर्यंत आली. तिथे बसून पायांचा गाळ काडीने खरवडत म्हणाली,

"शेवंता न्हवं ती. शेवंता न्हाय आशी रडायची." मग माझ्या हातातल्या मशीनकडे बघून म्हणाली, "औंदाची हाक तेवढी नीट पोचव तिला."